जिजाबाईच्या नावाची घागर

रांगोळीच्या स्पर्धेत माझं नाव टाकू नको देवके. लिहून टाकलं असशीन तं खोडून ये. होस्टेलच्या कुसुमताईले सांग, शामलाचा हात दुखते. खरंच दुखते, हे पाहा ना, नखापाशी कसं चिरलं आहे. कापसाच्या बोंडाचं टोक लागते तिथं. पण त्याच्यासाठी नाही म्हणत मी. मले आता स्पर्धाच नको. हसून काहून राहिल्या वं? ऐका तं आधी. ते खिडकी लाव, थंडी येऊन राहिली.

मी मोठेबाबाच्या घरी वाढली हे तं तुम्हाले माहीत आहे. चंपतराव माझे मोठेबाबा, बाबाचे मोठे भाऊ, अन् जिजाबाई माझी मोठीमाय. गाव पारशिवनीच्या अलीकडं. संक्रांतीच्या सुट्टीत एसटीतून उतरली अन् पाहते तं काय, सारं वावर पांढरं! यंदा पऱ्हाटी एकदमच फुटली. कापूस बोंडाबाहेर लोंबून राहिला, वारा आला की मातीत पडून राहिला. अन् वर आभाळ भरलेलं. एक सर आली असती ना, तं सारा कापूस काळा. वेचणाऱ्या बाया तं कुठं? साऱ्या संत्र्याच्या तोड्यावर. तिथं मजुरी जास्त, अन् चाललं तं एखादं संत्रं पोराले भेटते.

मोठेबाबा घरोघरी फिरले. मी सोबत होती. रंभाबाईच्या दारात उभे राहिले. रंभाबाई म्हणजे वेचणारीच, लहानू तिचा पोरगा, सून तिची गोपिका. रंभाबाई भाकर थापता थापता म्हणे, "दर वाढवा ना काकाजी. आम्ही काही नाही नाही म्हणत."

"दर काय झाडाले लागते?"

"मंग कापूस राहू द्या झाडाले."

मोठेबाबा रस्त्यानं थुंकत थुंकत घरी आले. जेवले नाही. रातभर उठून अंगणात जाऊन आभाळ पाहत. सकाळी राखुंडीनं दात घासता घासता, तोंड काळंच, मोठीमायले म्हणतात, "स्पर्धा ठेवू."

"कायची?"

"कापूस वेचाची. संक्रांत आहे, बायाईले हौस असते. आपल्याच वावरात ठेवू. जिचं गाठोडं भारी तिले बक्षीस."

मोठीमायचा हात चुलीपाशी थांबला. मंग दोघं असे हसले ना, की मले सुद्धा हसू आलं. मले काय कळते तेव्हा! मले वाटलं, गावात मजा होईन. हे मागाहून समजलं की सारं वावर फुकटात वेचून होऊन राहिलं अन् वरून म्हणतात, हौस.

अन् बक्षीस? मोठीच पितळेची घागर. मी म्हटलं, एवढी मोठी? तं मोठीमाय म्हणे, "घरातच तं राहीन वं, बाई." कारण मोठीमायसारखं वेचणारं गावात कोणी नाही. लग्नाआधी माहेरी एका मेळाव्यात तिनं पहिला नंबर आणला होता, ते आजवर सांगते. दोन्ही हात असे चालतात तिचे, जसं गाय दोहून राहिली.

घागर आणाले आम्ही बाजारात गेलो. कासारानं विचारलं, नाव टाकाचं? आपल्याकडं भांडं घेतलं की नाव टाकल्याशिवाय कोण घरी आणते? मोठेबाबा सांगणार, 'स्पर्धेचं बक्षीस' टाक. मोठीमायनं त्यांच्या कोपराले चिमटा घेतला. म्हणे, "उद्या पुन्हा भाडं घालून नाव टाकाले याचं का? आत्ताच टाकून घ्या." अन् मोठेबाबांनी टाकून घेतलं! कासार ठोकून राहिला, मी वाचून राहिली. *सौ. जिजाबाई चंपतराव. कापूस वेचणी. पहिला नंबर.* स्पर्धा दोन दिवसांवर, अन् पहिला नंबर घागरीवर बसला सुद्धा. लाल कपड्यात बांधली, तोंडावर नारळ ठेवला, देवाजवळ ठेवून देली. मी मोठीमायले म्हटलं, "अन् दुसरी कोणी आली तं?" तिनं माझ्याकडं असं पाहिलं जसं मी शिवी देली.

दवंडी झाली. हौशी स्पर्धा, म्हणे. नवे ग्रामसेवक आले आहेत कृष्णकांत म्हणून, ते काट्यावर बसणार. नियम मोठेबाबांनी बनवले. थाळी वाजली की सुरू, सूर्य डोक्यावर आला की पुन्हा थाळी वाजीन. मधात कोणी पातीतून बाहेर निघालं की बाद. पात म्हणजे वं, आपल्या वाट्याच्या ओळी. पाणी प्याले बी उठाचं नाही. बाया हो हो म्हणाल्या. ज्या बाया मजुरीवर येत नव्हत्या त्या साऱ्या आल्या! नवी लुगडी नेसून, कपाळाले कुंकू, केसात फूल. रोज पैसे घेऊन ज्या कामानं कंबर मोडते, त्याच कामाले नटून आल्या. घागरीले पाहून, अन् नाव होते म्हणून.

मी बी पात घेतली होती. हो! शेवटून दुसरी आली, ते सोडा.

पाती मोठेबाबांनी वाटल्या. मोठीमायले विहिरीकडची देली, जिथं खत पडलं होतं, पऱ्हाटी छातीपर्यंत. गोपिकेले बांधाकडची, बुटकी झाडं, वाकावाकाची. माझी पात तिच्या बाजूची.

गोपिका कशी आहे सांगू का? बारीक. बोलत नाही. तिचं लेकरू तीन महिन्यांचं. ते रंभाबाईजवळ बांधावर बाभळीले झोळी बांधून ठेवलं होतं. गोपिकेले ते घागरीचं नव्हतं एवढं. तिनं मले थाळी वाजायच्या आधी सांगितलं, "शामलाताई, बाळंतीण झाल्यापासून मले कोणी वेचाले बोलावत नाही. म्हणतात, हिच्यानं आता होत नाही. आज दिसलं लोकाईले तं बोलावतीन." तिचा नवरा लहानू कामाले असला तं असला. घरात जे येते ते हिच्या हातानंच येते. ती तिथं काहून आली होती ते एवढंच होतं.

थाळी वाजली. बापा, मंग जे सुरू झालं! आवाज बंद. नुसता खसखस खसखस. थंडी होती, पानावर दव, हात गार. बोंडाची टोकं नखाजवळ घुसून राहिली. ओटी, म्हणजे पदराची झोळी पोटाशी बांधतो ना, ती भरत गेली की पुढं वाकता येत नाही, पोटुशी बाई चालते तसं चालावं लागते. मोठीमाय मधामधात मान वर करून सगळ्याईच्या ओट्या पाही. गोपिका मान वर करतच नव्हती. तिचे हात मी पाहिले अन् माझे थांबले. एका बोंडाले हात लागला की दुसरं निघालेलं. अन् कापसात एक किडकी कवडी नाही, एक वाळलं पान नाही, साफ.

ऊन चढलं. मंग लेकरू रडाले लागलं.

आधी कुंई कुंई. मंग जोरात. रंभाबाई झोका देऊन राहिली, गाणं म्हणून राहिली, बोट चोखाले देऊन राहिली. ते काही राहीना. गोपिका एकदा उभी राहिली. तिकडं पाहिलं. मोठेबाबा बांधावर छत्री घेऊन उभे होते. म्हणतात कसे, "निघायचं असन तं नीघ बाई. कोणाची जबरदस्ती नाही."

ती पुन्हा वाकली. मले तिचं तोंड दिसलं. ओठ असे दाबलेले. छातीशी ओटी घट्ट ओढून घेतली तिनं अन् वेचत राहिली. लेकरू तिकडं निळं होईपर्यंत रडून राहिलं अन् ती वेचून राहिली. देवके, मी माय नाही, पण मी बी वेचणं सोडून झोळीकडं पाहून राहिली.

थाळी वाजली. सारी गाठोडी लिंबाच्या फांदीले काटा टांगला होता तिथं आणली. गोपिका पहिले लेकराकडं धावली. रंभाबाईनं म्हटलं, "आधी गाठोडं दे, नाही तं कोणी हात घालीन." तं ती पुन्हा इकडं. पदर असा गळ्यापर्यंत ओढलेला.

मोठीमायचं गाठोडं चढलं. बाया ओरडल्या, "बाप्पा, काय भारी!" मोठीमाय लाजल्यासारखी करे. मंग एकेक. माझं चढलं तेव्हा काटा हललाच नाही म्हणा, लहानू हसला. शेवटी गोपिकेचं. कृष्णकांतांनी वजन सरकवलं. पुन्हा सरकवलं. म्हणाले, "हे जास्त आहे."

"पुन्हा पाहा," मोठेबाबा म्हणे.

पुन्हा पाहिलं. जास्तच.

मोठीमायनं मोठेबाबाकडं पाहिलं. मोठेबाबांनी बाजूच्या लाल कपड्यातल्या घागरीकडं पाहिलं. अन् मंग त्यांनी गोपिकेचं गाठोडं खाली ओढलं, गाठ सोडली अन् सरळ कोपरापर्यंत हात घातला आतमध्ये. हात बाहेर काढला, वर धरला. बोटं ओली.

"पाणी मारलं! पाहा, पाहा हो ग्रामसेवक! ओला कापूस! वजन वाढवाले पाणी मारलं!"

आमच्या गावात वेचणारीवर हा आळ म्हणजे समजलं ना? वेचणारी हळू असली तं चालते. पाणी मारणारीले कोणी वावरात उभी राहू देत नाही. त्या एका बोलण्यानं हिची चूल गेली. अन् सर्वात आधी कोण उठलं? तिचाच नवरा. लहानू. पुढं आला, म्हणे, "काय केलं वं तू? सांग खरं! नाक कापलं माझं!" अन् हात उगारला. मले तिथंच थुंकावंसं वाटलं.

कृष्णकांत म्हणाले, "अहो पण तिथे पाणी होतं कुठे? पातीत तर कोणाकडे भांडं नव्हतं."

"आणलं असन लपवून!"

गोपिकेची मान खाली. दोन्ही हातांनी पदर छातीशी धरला होता. मोठेबाबांनी बोटं नाकाशी नेली. वास घेतला. हो! सगळ्याईसमोर. पुन्हा घेतला. कपाळाले आठ्या.

तेवढ्यात रंभाबाई आली, लेकराले कडेवर घेऊन, अशी ओरडली की लिंबावरचे कावळे उडाले. "वास काय घेता काकाजी! दूध हाय ते! दूध! सकाळपासून लेकरू आक्रंदून राहिलं, पाजाले उठू देलं का तुम्ही? उठली तं बाद म्हणता! आईच्या अंगातून निघालं तं ते काय पाणी मारलं का?"

मंग मागं बसलेली माणसं हसली. खि खि खि. मिशीत. एक जण म्हणे, "मंग तं कापसाले मलई येईन!" अन् पुन्हा हसले. बाया सुद्धा पदर तोंडाले लावून हसल्या! ज्यांनी चार चार लेकरं पाजली त्या! अन् मोठेबाबा? त्यांनी हात असा लांब धरला जसा शेणात पडला होता. लिंबाच्या खोडाले घासला. म्हणे, "शामले, हात धुवाले पाणी आण." मी नाही गेली. पहिल्यांदाच नाही गेली.

मोठीमाय तेव्हा बोलली. म्हणे, "दूध असो का पाणी. ओलं ते ओलंच. वजन तं वाढलं ना?"

मी तिच्या तोंडाकडं पाहून राहिली. हीच मोठीमाय माझे केस धूत होती कालपर्यंत.

कृष्णकांत बिचारे घामाघूम. म्हणाले, "ओला तेवढा कापूस काढा. उरलेला तोलू." मंग सगळ्याईच्या समोर, तिचं गाठोडं उकललं अन् ओला कापूस शोधून शोधून काढला. इथं हात लाव, तिथं दाबून पाहा. मोठेबाबा काडीनं दाखवून राहिले, "हे बी ओलं, हे बी घ्या." कोरडा बी काढला त्यात. मले वाटे, ते गाठोडं नाही, गोपिकेचं अंगच चाचपून राहिले. ती तशीच उभी. लेकरू तिच्याकडं पाहून हात हलवून राहिलं.

काढलेला गोळा बाजूले फेकला. तोललं.

तरी बी जास्त!

आता मोठेबाबा म्हणतात, "ठीक आहे, ठीक आहे. घागर उद्या घरी पोचवतो." मले माहीत होतं, उद्या बाजारात जाऊन दुसरी लहानशी आणतीन. पण लहानू कसा ऐकते? आता तो गोपिकेचा नवरा झाला होता ना! "आत्ताच पाहिजे! हे काय ते लाल कपड्यातलं!" म्हणून ओढलीच त्यानं. नारळ खाली पडला. कपडा सुटला. कृष्णकांतांनी चष्मा नीट केला अन् साधेपणानं मोठ्यानं वाचलं, "सौभाग्यवती जिजाबाई चंपतराव. कापूस वेचणी. पहिला नंबर."

वाचून झाल्यावर त्यांच्याच लक्षात आलं. तोंड मिटून खाली बसले.

काय हसले लोक! आता मोठीमायवर हसून राहिले. तेच लोक. तेच खि खि खि. लहानू तं घागर डोक्यावर घेऊन नाचला. मोठीमायच्या तोंडासमोर कंबर हलवे अन् म्हणे, "हारली हो हारली, नावासहित हारली!" जो घडीभराआधी बायकोवर हात उगारत होता तो. मोठीमायच्या डोळ्यात पाणी आलं होतं देवके, खोटं नाही सांगत. मले तिची दया येऊन राहिली अन् किळस बी येऊन राहिली, दोन्ही एकाच वेळी, कसं सांगू.

गोपिकेनं लहानूच्या हातातून घागर घेतली. खाली ठेवली. मोठीमायच्या पाया पडली. म्हणे, "काकू, तुमची पात उन्हात होती, म्हणून. नाही तं तुम्हीच पहिल्या."

साऱ्या गावाले माहीत, मोठीमायची पात कोणती होती ते! अंगावर एवढं सोसून ती पोरगी दुसऱ्याची लाज झाकून राहिली होती. अन् मोठीमायनं काय केलं? डोळे पुसले. मान ताठ केली. म्हणे, "पाहा! तिच्याच तोंडानं ऐका! पात खराब होती माझी!"

संध्याकाळपर्यंत मोठीमाय पाच घरी सांगून आली. "गोपिका स्वतःच म्हणते वं." अन् मोठेबाबांनी मले वावरात पाठवलं, तो ओला कापूस वेचून आणाले. हो, तोच, ज्याच्यासाठी हात खोडाले घासला होता. म्हणे, "वाळते तो. फेकाचं काहून?" सुपात पसरून छपरावर वाळवला अन् ढिगात टाकला.

पण वावर अर्धंच झालं होतं. आभाळ तसंच. दुसऱ्या दिवशी एक बी बाई आली नाही. तिसऱ्या दिवशी मोठेबाबांनी दर वाढवला अन् मलेच पाठवलं, गोपिकेले बोलवाले. म्हणे, "सांग, गावात पहिल्या नंबरची आहे, तिच्याशिवाय कोण?" मले वाटलं, ती तोंडावर दार लावीन. ती म्हणे, "येईन ना. पण लेकराले पाजाले उठीन. अन् मजुरी तोलून." मोठेबाबा हो म्हणाले.

आली. घागर डोक्यावर, पाणी भरून. सारा दिवस ती घागर बांधावर होती, नाव विहिरीकडं करून. मोठीमाय घागरीजवळ फिरकली नाही, पाणी प्याले घरचं मडकं घेऊन आली.

आता हे ऐका. दुपारी लेकरू रडलं. गोपिका ओटी मोकळी करून उठली, बाभळीखाली पाठ करून बसली, पाजत. मी आपली वेचून राहिली. अन् पाहते तं मोठीमाय आपली पात सोडून गोपिकेच्या पातीत शिरली. वाकून, चोरासारखी. भराभर भराभर गोपिकेची बोंडं काढून आपल्या ओटीत भरून राहिली. अहो, वावर तिचं! पऱ्हाटी तिची! सारा कापूस तिच्याच घरी जाणार! अन् आपल्याच वावरात ही बाई चोरी करून राहिली. अन् जिची मजुरी वजनावर, तिच्या पातीतून!

मी उभी राहिली. तिनं मले पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला. म्हणे, "काय पाहून राहिली वं? वेच ना."

गोपिका परत आली. आपल्या पातीपाशी थांबली. ओळभर रिकामी बोंडं, नुसती टरफलं, वाऱ्यानं हलून राहिली. तिनं मोठीमायच्या ओटीकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. अन् पुढच्या झाडाले जाऊन वाकली.

सांज झाली. मोठेबाबांनी काटा टांगला, मजुरी द्याची म्हणून. गोपिकेचं तोललं. मंग मोठीमाय पुढं आली, आपलं गाठोडं ओढत, घामानं भिजलेली, केस सुटलेले.

"माझं बी तोला."

मोठेबाबा म्हणे, "तुझं काय तोलाचं? घरचं तं आहे."

"तोला म्हटलं ना!"

तोललं. जास्त होतं. मोठीमायनं काट्याकडं पाहिलं, मंग चारी बाजूले पाहिलं, कोण कोण आहे ते. आम्ही तिघंच होतो, अन् ते लेकरू.

गोपिकेनं घागर उलटी करून उरलेलं पाणी पऱ्हाटीच्या बुडाशी टाकलं, कडेवर घेतली, अन् हसून म्हणाली, "काकूच पहिल्या."

अन् मोठीमाय खुश झाली वं! खरंच खुश झाली! रस्ताभर गाणं म्हणत घरी आली, दोन भाकरी जास्त खाल्ल्या.